अनोळखी माणसाचं काम

एम्डेनला, बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानामागे
शनिवारी सकाळी मी अनोळखी माणूस असते.
तासाला चौदा युरो, वर कॉफी.

आधी बाजूने धावत जाते, कुणाचं तरी घामट जाकीट घालून.
मग छत्री उघडते फाडकन, अगदी तोंडासमोर.
मग बाबागाडी. आत बाहुली,
एक चाक कुरकुरतं, त्याला मुद्दामच तेल घालत नाही आम्ही.
आणि शेवटी दारुड्या:
झोकांड्या खात अंगावर जायचं, ओरडायचं,
हात उगारायचा.

डॉक्टर झाइबल्ट खांबाला टेकून वहीत लिहितात.
त्यांच्याकडे जातींची यादी असते,
रुंद डोक्यांची, भरल्या छातीच्या नावांची.
माझ्या पोटरीवर चार टाके आहेत,
शेजारणीच्या डाकेलचे, वीतभर पायांच्या.
तो यादीत नाही.

भुंकणारं कुत्रं चावत नाही म्हणतात.
न भुंकणाऱ्याबद्दल कुणी काही म्हणत नाही.

मागच्या महिन्यात एक आला होता, दंड कमावलेला,
त्याच्या गळ्यात साखळी, कुत्र्याच्याही गळ्यात साखळी,
आणि दोघांत गुरगुरत होता तोच.
कुत्रं बिचारं पास झालं.
मालकाची परीक्षा लेखी असते, चौकटीत खुणा करायच्या.
तोही झाला.
फाटकाशीच त्याने मुसकं काढून झुडपात भिरकावलं
आणि कागद हातात धरून फोटो काढला.
ते मुसकं मी उचलून आणलंय.
कशासाठी, ते सांगता येत नाही.

आज एनो हार्म्स. वय एकाहत्तर, गोदीत वेल्डर होता.
कुत्री करडी, छातीवर पांढरा ठिपका,
मान माझ्या मांडीएवढी.
नाव क्र्यूमेल. म्हणजे पावाचा चुरा.
"मुलाची आहे," म्हणाला, "टोर्बेनची.
तो आता आमच्याकडे नसतो."
एवढं बोलून दोरीची गाठ पुन्हा तपासली,
जी त्याने आधी दोनदा तपासली होती.

धावले. तिने कान हलवला.
छत्री उघडली. तिने छत्री हुंगली.
बाबागाडीत वाकून बघितलं आणि शिंकली,
डॉक्टरबाईसुद्धा हसल्या.

मग मी झोकांडी खाल्ली,
ओरडले, हात उगारला.

ती बसली नाही, गुरगुरली नाही.
डांबरावर हनुवटी टेकून सपाट झाली
आणि डोळे मिटले,
हे किती वेळ चालतं याचा अंदाज असलेल्या
कुणीतरी मिटावेत तसे.

आणि त्याच क्षणी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला,
म्हाताऱ्याचं कोपर चेहऱ्यासमोर आलं.
क्षणभरच. मग त्याने त्याच हाताने कान खाजवला,
जणू कानच खाजवायचा होता.

माझा हात वरच राहिला.
खाली कसा आणायचा ते आठवेना.

डॉक्टरबाईंनी लिहिलं: आक्रमकता, नाही.
दुसऱ्या गोष्टीसाठी त्यांच्या वहीत रकाना नव्हता,
किंवा त्यांनी पाहिलं नसेल,
किंवा पाहिलं असेल आणि लिहिलं नसेल.

कागद मिळाला. शिक्का ओला होता, त्याने फुंकर घातली.
"आता मुसक्याची गरज नाही," बाई म्हणाल्या.
तो गुडघ्यावर बसला, गुडघे वाजले.
मुसक्याची थंड तार तळहातांत धरून ऊब दिली तिला,
बराच वेळ, घाई नसल्यासारखी,
आणि मग ते क्र्यूमेलच्या तोंडावर चढवलं.
तिने स्वतःहून नाक पुढे केलं.
"ट्राममधल्या पोरांनी," म्हणाला,
मग एम्डेनमध्ये ट्राम नाही हे आठवून, "बसमधल्या पोरांनी
हा कागद कुठे वाचलाय?"

फाटकाकडे जायचा रस्ता माझ्या बाजूने होता.
छत्री मिटायची राहिली होती, तशीच खाली ठेवली.
ते दोघं जवळून जाईपर्यंत
मी हात खाली धरले,
तळवे उघडे, दिसतील असे.