एका पायलीची बाकी

नाव तीच आहे, म्हणतात.
मी हात लावून बघितला. फळ्या निम्म्या नव्या,
डांबराच्या जागी कसलंसं चकचकीत रोगण,
काठाला पितळी पट्टी, आणि जिथं शेळ्या उभ्या राहायच्या
तिथं आता गादीची बाकडी.
मिरजेच्या अख्तर मिस्त्रीनं अकरा महिने घालवले हिच्यावर.
जुने खिळे त्यानं फेकले नाहीत,
बरणीत घालून ठेवलेत तिकिटाच्या टेबलावर.
लोक त्यांचे फोटो काढतात.

तिकीट दीडशे. हरिपूरच्या घाटावरून
आयर्विन पुलापर्यंत, आणि परत.
केशरी जाकिटाचे बंद आवळताना पोरगा म्हणाला,
"आजी, पोहता येतं का?"
नाही रे बाळा,
एकवीस वर्षं रोज दोनदा गेले, तरी नाही आलं.

पल्याड, कोथळीच्या शाळेत, मी गणित शिकवायचे.
सकाळी सातची खेप. संगतीला
दुधाच्या किटल्या, वैरणीचे भारे, कुणाची सायकल,
बाळंतपणाला माहेरी निघालेली एखादी,
एकदा तर नवरदेव, वाऱ्यानं मुंडावळ्या तोंडात जाणारा.
काठाशी गलका असायचा, भांडणंसुद्धा.
मधोमध आलं की सगळे गप्प,
झोपलेल्या माणसाच्या खोलीतून जाताना होतो तसे.

मग पूल झाला.
नाव पिंपळाखाली पालथी पडली.
तिच्या पोटाखाली कुत्री व्याली, पोरांनी विड्या ओढल्या.
पुरानं पेवांतली हळद नेली,
हिला उचललं, जरा फिरवलं,
आणि हातभर बाजूला आणून ठेवलं.

आता स्पीकरमधला आवाज सांगतो, डावीकडे पाहा,
वारणेचं पाणी वेगळ्या रंगाचं आहे.
आहेच.
त्या पाण्यात वल्हंही वेगळं जड लागतं,
पण ते भैरू आंबीला ठाऊक,
आणि त्याच्या हातात वल्हं नाही. मागं मोटार गुरगुरते,
तो नुसता सुकाणू धरून बसलाय, कंपनीची टोपी घालून.

पुलाच्या खांबावर फुटांचे आकडे रंगवलेत.
आकडे दिसले की माझं डोकं आपोआप चालू होतं.
वर्षाचे दिवस दोनशे वीस, दोन खेपा, एकवीस वर्षं:
नऊ हजार दोनशे चाळीस.
पात्र दीडशे मीटर धरलं तर
तेराशे शहाऐंशी किलोमीटर.
मी पुन्हा गुणाकार केला. तेवढेच.
महाबळेश्वरापासून समुद्रापर्यंत ती जेवढी उभी
जवळजवळ तेवढी मी तिच्यावर आडवी गेलेय
आणि गेले कुठं, तर कोथळीला.

परतताना मी भैरूला म्हटलं,
जरा पल्याड टेकव की रे. एकदाच.
तो हसला. दात दोन कमी झालेत.
"पल्याड कोल्हापूर जिल्हा, बाई.
आपलं परमीट सांगलीचं.
आता ही नाव जाती नि येती, पर पार न्हाई करत."
मग सुकाणूवरचा हात न काढता, पाण्याकडं बघतच,
"तुमची शेवटच्या सालची पायलीभर शाळू ऱ्हायलीय बगा."

खरंच. तेव्हा रोजचे पैसे नसायचे,
सुगीला धान्य घालायचं. त्या साली मी निवृत्त झाले,
सुगीच्या आधीच, आणि विसरले.
तो विसरला नव्हता. एवढा महापूर येऊन गेला तरी.
"उद्या आणते," म्हटलं.
"सावकाश आणा. मी कुटं जातोय."

रात्री शाळू निवडली, पाखडली,
अडगळीतलं माप काढून पुसलं.
पायली काठोकाठ भरली, तळहातानं सपाट केली,
आणि बसून राहिले तिच्यासमोर बराच वेळ.
आयुष्यभर पोरांना सांगत आले
हिशेबात बाकी शून्य आली पाहिजे.

अर्धी पिशवीत ओतली.
अर्धी परत डब्यात.