पाच वाट्या

वच्छलाबाई इंगळे आली आणि पोलकं
मशीनवर टाकलं, चालू शिलाईच्या मधोमध.
"पाह्य वो, दोन दिवाळ्या नाही झाल्या.
तुयं कापडच कच्चं."
डाळिंबी पोलकं. बाह्यांना आता
भिजून वाळलेल्या विटेचा रंग.

मी म्हटलं, कापड नाही, पावडर.
ती म्हणाली, पावडर नाही, पाणी.
दोघींचंही खरं असण्याची सोय
आमच्या खारपाणपट्ट्यात आहे.
बोअरचं पाणी असं की चहा फाटतो,
साबण दह्यासारखा गोळा होतो,
बादलीला आतून पांढरी रेघ धरते
आणि ती नखानेही निघत नाही.

कात्रणं मी टाकत नाही.
रात्री मशीन झाकली, पेटी उपसली,
डाळिंबी तुकडा सापडला, तळहाताएवढा.
त्याचे सहा केले, झिगझॅग कात्रीने,
सूत सुटू नये म्हणून.
ओट्यावर पाच वाट्या.

पहिलीत ती निळी पावडर,
जिचा फेस टीव्हीत मावत नाही.
दुसरीत राठीच्या दुकानातली सुटी,
दोन किलोवर एक मग फुकट.
तिसरीत रंगीत कपड्यांचं लिक्विड,
दहाचा पाउच, वर फुलपाखरू.
चौथीत कौसल्यामावशीने दिलेले रिठे, फोडून.
पाचवीत नुसतं पाणी,
कारण प्रयोगाच्या तासाला डहाके गुरुजींनी
हे एक पक्कं शिकवलं होतं,
आणि सातवीनंतर ते वापरायला
कुठे मिळालंच नव्हतं.

सहावा तुकडा कोरडा. वहीत टाचला,
वच्छलाबाईच्या मापांच्या पानावर:
छाती छत्तीस, बाही नऊ, गळा मटका.

नऊ दिवस. अर्धा तास भिजवायचं, चोळायचं,
मग प्रत्येकाचा अर्धा भाग पत्र्यावर उन्हात,
अर्धा न्हाणीमागे सावलीत.
एप्रिल होता. नवरा ताट घेऊन विचारायचा,
"वरण कायच्यात घेऊ आता?"

निळीने पहिल्याच दिवशी वाटी लाल केली.
सुटीने रंग धरला, पण कापडाचा पापड.
रिठ्याचा तुकडा मऊ राहिला, मऊ आणि काळपट.
लिक्विड बरं. बरं म्हणजे बरं,
फुलपाखराइतकं नाही.
नुसत्या पाण्यातला तुकडाही उतरला होता,
त्याला कोणी काही केलं नव्हतं तरी.
आणि उन्हातले अर्धे,
कोणत्या वाटीतला कोणता, मलाच ओळखेनात.

दहाव्या दिवशी सहाव्याचं एक टोक कापलं.
लिक्विडचे चार थेंब,
आणि पिण्याच्या घागरीतलं तांब्याभर गोडं पाणी.
आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो, तोही रात्री दोनला.
गोड्या पाण्याने चिंधी धुतली
हे मी घरात सांगितलेलं नाही.
टोक जसंच्या तसं राहिलं.

वच्छलाबाई आली तेव्हा इस्त्रीच्या टेबलावर
सगळे तुकडे मांडून ठेवले होते.
लिक्विड घे, म्हटलं. उलटं करून धू.
पिळू नको. सावलीत घाल.
शेवटचं खळबळणं गोड्या पाण्यात.
"गोड्या?" ती हसली.
"मंग प्यायले काय पोरायले खारं देऊ?"
यावर माझ्याकडे प्रयोग नव्हता.

मग वही उघडून कोरडा तुकडा दाखवला.
तिने तो बाहीजवळ धरला, दूर धरला,
उंबऱ्यात उजेडात नेला.
"हा माया पोलक्याचा नाही."
तुझाच. पान बघ, नाव बघ.

पान तिने बराच वेळ पाहिलं.
रंगाबद्दल काही बोलली नाही.
"छत्तीस होती मी?" म्हणाली.

बाह्या उसवून द्यायच्या ठरल्या, अर्धा इंच.
जाताना राठीकडून तिने तीन पाउच घेतले,
हे मला राठीने सांगितलं;
कापड कच्चं म्हटल्याचं
अजून तिने मागे घेतलेलं नाही.