दुपारी एकचा आकडा

विडी घरकुलातली शाळा, खोली नंबर तीन.
बाहेर त्रेचाळीस डिग्री, आत एक पंखा
जो फक्त आवाज करतो.
माझ्याकडे शाईची बाटली आणि काडी.

झोनलचा फोन : एकचा आकडा?
एकोणतीस पूर्णांक चार.
एवढंच? म्हणतो,
जणू मीच दारात आडवी पडलेय.

मग रेघ न मारलेली नावं वाचत बसते.
नागमणी गुंडेटी, वय एकसष्ट.
सून सांगून गेली, सुट्टी कारखान्याला आहे,
भिजवलेल्या पानांना नाही.
चिलवेरी तिघे भाऊ भिवंडीला,
मागाच्या मागं.
आणि एक वारलेले मास्तर,
त्यांना मी चौथ्या निवडणुकीत भेटतेय.

भाचा फ्रान्सला शिकतो. परवा म्हणाला,
मावशी, इथं मतदान रविवारी,
हवा गार, बूथ कोपऱ्यावर,
तरी चारातला एक घरीच.
काही तर येतात, आणि पाकिटात
कोरा कागद घालून जातात.
म्हटलं, त्यांची कसली पानं भिजलीत रे?
तो हसला. मग बराच वेळ
फोनवर कुणीच बोललं नाही.

साडेपाचला नागमणी आली.
बोटं तंबाखूनं पिवळी, नखात पानाची शीर.
मी काडी टेकवली.
"ह्याच बोटानं दोरा धरते मी.
डाग उतरला तर विड्या छाटात जातील."
"वाळू दे. मग नाही उतरत."

ती बोटावर फुंकर घालत उभी राहिली.
मागं रांग नव्हती.
तिला पुढं सरका म्हणायचं
मला काही कारणच नव्हतं.