एसी दोनवर

जब्बारभाई म्हणाले, विचारलं तर सांगा,
नाही विचारलं तर गप बसा.
गाडीला काय माहीत, कोण बसलं, कोण उठलं.

मी वॅगनार धुतली. डॅशबोर्डवरचा मार्कंडेय काढला,
खाली डिंकाचा गोल राहिला.
नखानं खरवडला, रॉकेल लावलं,
तरी बोट चिकटतंच तिथं.

मैंदर्गीहून रेवणसिद्ध आला, बायको घेऊन,
आणि गाड्यांतलं कळणारा एक मेहुणा.
मेहुण्यानं ऑइलचा वास घेतला,
दाराचं रबर उचलून पत्रा तपासला.
एकसष्ट हजार चारशे. मीटर फिरवलंय का, ताई?
नाही हो.

नाहीच फिरवलं.
पण त्या दुपारचे तीन तास त्यात नाहीत.
इंजिन चालू होतं, चाकं नव्हती.

अक्कलकोट रोड, एमआयडीसी, सतरा मे,
पारा चव्वेचाळीसच्या वर.
डबा झाला की नायना गाडीत जाऊन बसायचे.
एकतीस वर्षं टॉवेलच्या मागांमध्ये उभा राहिलेला माणूस
घरीसुद्धा ओरडून बोलायचा,
आम्हीही ओरडून उत्तर द्यायचो,
शेजाऱ्यांना वाटायचं भांडतायत.
काचा वर, एसी दोनवर, सीट मागं.
म्हणायचे, इथं मला माझा श्वास ऐकू येतो.

वॉचमन मल्लिनाथला पाचपर्यंत काही कळलं नाही.
त्यानं पाहिलं ते एवढंच,
की गाडीखाली एसीचं पाणी ठिबकून ठिबकून
डबकं झालंय, आणि चिमण्या पितायत.
काच वाजवायला गेलो असतो तर उडाल्या असत्या,
असं तो अजून सांगतो,
दर वेळी थोडं वेगळं.

मी पोचले तेव्हा नायनांचा हात गार होता.
सोलापुरात, मे महिन्यात, गार.
रिक्षातून तापून आले होते मी.
क्षणभर बरं वाटलं.
हे कुणाला सांगितलेलं नाही.

गाडीत काही झालंय का, बायकोनं विचारलं.
म्हणजे एक्सिडेंट वगैरे, मेहुणा म्हणाला.
जब्बारभाईंनी चष्मा पुसायला घेतला.
एक्सिडेंट नाही, मी म्हणाले.
इथं थांबता आलं असतं.
वडील गेले. झोपेत. ह्या सीटवर.

ते तिघं लिंबाखाली जाऊन कन्नडात बोलू लागले.
मला येत नाही असं धरून.
मेहुणा म्हणाला, वीस कमी कर म्हणावं, आता पडतो भाव.
रेवणसिद्ध म्हणाला, वास तर काही नाही.
बायको म्हणाली,
आपल्या मधल्या खोलीत कितीजण गेले,
झोपतोच की आपण तिथं.
मग म्हणाली, पण दहा तरी कमी करायला लाव.

मी सात केले.
नायना पाचवर अडले असते.

नोटा मोजून झाल्या. सह्या झाल्या.
रेवणसिद्ध बुटका, पाय पोचेनात.
वर्षभर मी त्या सीटला हात लावला नव्हता,
गाडी धुतानाही नाही.
त्यानं वाकून दांडी ओढली,
कट्, कट्, कट्,
तीन खाचे पुढं,
आणि पाठ उभी केली.
थांबा म्हणायला मी तोंड उघडलं,
मग म्हणाले, रिव्हर्सला जरा जड आहे.

रात्री नऊ बाराला नायनांचा फोन वाजला.
तो मी अजून चार्ज करते.
फास्टॅग काढायचा राहून गेला होता.
वळसंग टोलनाका. पंच्याहत्तर रुपये वजा.
आपले वाहन पुढे गेले आहे.
शिल्लक दोनशे दहा.

जब्बारभाई फोनवर वैतागले,
सकाळी उठून पहिलं ते बंद करा.
हो म्हणाले.
दोनशे दहात एक येणं, एक जाणं.
मी आणखी पाचशे भरले.