धक्क्यावरचा काटा

दवाखान्यातला काटा एकशे वीसवर संपतो.
पुढे सालेसी आहे.

म्हणून आम्ही दोघं धक्क्यावर गेलो,
जिथे बोटीत चढण्याआधी
कोनफळांची पोती तोलतात.
तोलणारा पोरगा म्हणाला, डॉक्टरीणबाई,
हा माल कुठे पाठवायचा?
सालेसी हसला, सगळा धक्का हसला.
मी आकडा लिहून घेतला, एकशे चौतीस,
आणि त्याचं हसू नेमकं कुठे संपलं
ते न लिहिता लक्षात ठेवलं.

टोंगात वजन असलेल्या माणसालाच वजन असतं.
पाहुणा वाळका निघाला
तर यजमानाची मान खाली.
रविवारी प्रार्थना संपली की भट्टीवरची माती उकरतात,
अळूच्या पानात मेंढीचं चरबट मांस, नारळाचं दूध,
आणि ताट परतवणं म्हणजे
वाढणारीच्या तोंडावर दार लावणं.
मी याच ताटांवर वाढले.
पापपुण्य सांगायला पाद्री आहेत.

मला माहीत आहे ते थोडं, तेही हातचं राखून:
यकृतात मुरलेली चरबी काट्याला दिसत नाही.
दहातला एक किलो गेला
तरी रक्त भानावर येऊ लागतं.
रात्रभर घोरून दमलेल्या माणसाला
सकाळी दुप्पट भूक लागते.
गोळी चांगली आहे. गोळी पुरेशी नाही.
आणि हे ज्या कागदांत मी वाचलं
त्यांतल्या हजारो माणसांत
आमच्या बेटावरचा एकही नव्हता.

हेही मी सालेसीला सांगितलं.
म्हणजे तुलाही नक्की माहीत नाही?
नाही, म्हटलं. पण माझा अंदाज
तुझ्या मेहुण्याच्या झाडपाल्यापेक्षा बरा.
तो गप्प झाला.
मेहुण्याच्या उजव्या पायाला अंगठा नाही.

आठ महिने त्याने भात अर्ध्यावर आणला,
डब्यातलं खारं मांस सोडलं,
बापाची रान माजलेली वाडी साफ केली.
अकरा किलो उतरले.
लोक एलेनोआला विचारू लागले,
नवऱ्याला काय झालंय, किती दिवस दिलेत?
ती माझ्या टेबलाशी बसून रडली.
यावर कुठल्या कागदात
एक ओळ नव्हती.

मग तो येईनासा झाला. पाच महिने.
रविवारी गाणाऱ्यांच्या मागच्या रांगेतून
त्याचा खर्ज ऐकू यायचा, त्यावरून कळायचं,
आहे.
मी समोरून आले की रस्ता बदलायचा.

काल आला. दारातूनच म्हणाला,
पहिले पाढे पंचावन्न.
सहा किलो परत आले होते,
आणि तो असा उभा
जणू ते कुणाच्या घरातून चोरून आणलेत.

बस, म्हटलं. चोर तू नाहीस.
शरीर म्हणजे वादळात पोरं उपाशी पाहिलेली आई.
एक किलो गेला की तिच्या पोटात खड्डा पडतो,
ती भूक वाढवते, चूल मंद ठेवते,
फडताळात लपवून ठेवते.
तिला कोण सांगणार
की दुकानात आता बारा तऱ्हेची बिस्किटं आहेत.

मग रक्त घेतलं.
तीन महिन्यांची साखर: दहावरून सातावर आलेली,
अजून सातावरच.
मी कागद त्याच्याकडे फिरवला.
यंत्र बिघडलंय, तो म्हणाला.
म्हणून पुन्हा केली. सात पूर्णांक एक.
बघ, म्हणाला, वाढली!

उठताना त्याने कमरेची चटई सारखी केली.
बापाची काथ्याची दोरी,
जुन्या गाठीच्या आत चार बोटांवर
नवी गाठ.
ती मला दिसली, आणि मोजपट्टी
तिथेच खाली ठेवाविशी वाटली.
ठेवली नाही. एकशे एकवीस सेंटिमीटर. लिहिलं.

पुढच्या महिन्यात धक्क्यावर जायचं का?
जाऊ. पण तुझी कोनफळं घेऊन ये,
तीच तोलू.

तो गेल्यावर दार लोटून
मी स्वतःच्या बोटाला सुई लावली.
तो आकडा या वहीत नाही.