पंखा

दुमागेतेत रात्रीचे तीन.
दुलुथला भरदुपार.
माझ्या पडद्यावर चौदा जणांचे पडदे,
दर दहा मिनिटांनी एकेक चित्र.
कोण कुठवर आलंय, कोण कुठे अडलंय,
करारातले आठ तास आठच भरतात ना.
तेवढंच माझं काम.

रोडेलियोच्या चार चित्रांत एकच ओळ:
'प्रिय श्री. हाल्व्हरसन, आपली बोट'
पुढे ना ती बोट हललीय, ना ह्याचं बोट.
माउस मात्र चालूच,
इकडून तिकडे, तिकडून इकडे.
माणसाचा हात इतका नेमाने हलत नाही.

ओळखलं मी.
टेबलफॅनच्या मानेला दोरा, दोऱ्याला माउस.
मायुमीला गोवर निघाला तेव्हा
मीही असाच पंखा कामाला लावला होता
माझ्या जागी, तीन रात्री.

नियम सांगतो, चाळीस मिनिटं कापा.
मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिते,
'बाकोलोदला वीज गेली.'
वीज गेली असती तर पंखा फिरला असता का,
हे विचारायला दुलुथहून कोण येणार?

तरी पुसते.
मग नुसतं 'वीज' लिहून थांबते.
खाली ट्रायसिकलवाला कुणाला तरी उतरवतोय,
पाच पेसोंवरून घासाघीस.

कोपऱ्यात पिवळी चौकट उगवते:
'अकरा मिनिटं हालचाल नाही.
आपण तिथे आहात का?'

म्हणजे गेलं माझंही चित्र कुणाकडे तरी,
त्यात रोडेलियोचं,
त्यात ती अर्धी बोट.

स्पेसबार दाबते.
आहे.