दोन एल

तुझं नाव घेताना माझी आई अजून
जिभेचं टोक टाळूला नीट टेकवते: इल्यारी.
म्हणजे उजाडणं.
मी लिमात वाढलेली, माझी जीभ आळशी,
मी म्हणते इयारी.
आणि हमामात्सूच्या वॉर्ड ऑफिसात माकिनोबाईंनी
तुला तीन कोनेदार अक्षरांत बसवलं,
वाचून दाखवलं, विचारलं, बरोबर ना?
कानाला बरोबर होतं.

इथे जन्मली म्हणून इथली होत नाही,
हेही त्यांनीच सांगितलं, मान किंचित लववून,
जणू नियम त्यांच्याच हातून सांडला होता.

मग फोटो.
डोळे उघडे, तोंड मिटलेलं,
मागे पांढरं, आणि दुसऱ्या कुणाचं काहीही दिसता कामा नये.
तू अकरा दिवसांची. डोळे मिटलेले, तोंड उघडं.
एउलोहिओ रात्रपाळीहून आला तसाच,
हाताला गिअरच्या तेलाचा वास,
किल्ल्यांचा जुडगा वाजवत राहिला तासभर.
मी डोक्यावरून चादर ओढून खुर्ची झाले.
एकदाच तू पाहिलंस,
कर्ज मागायला आलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

नागोयाला आम्ही साध्या गाडीनं गेलो, वेगवान गाडी परवडत नाही.
खिडकीमागच्या ओबदुलियाबाईंनी कागद शेजारी शेजारी ठेवले,
चष्मा वर सरकवला.
तुमच्या अर्जात दोन एल.
भाषांतरात एक वाय.
ही दोन मुलं आहेत, सेन्योरा.

दोन मुलं.
परतीच्या गाडीत मी तुला दूध पाजलं
आणि त्या दुसरीचा विचार करत राहिले,
वायवाली, जिला कुणी अर्ज केला नाही.

भाषांतर करणारे हिगा उड्डाणपुलाखाली सायकली दुरुस्त करतात.
त्यांनी कागद पाहिला आणि हातातला पाना खाली ठेवला.
म्हणाले, चूक माझी.
मी कानानं लिहिलं.
मग म्हणाले, माझा आजोबा ओकिनावाहून बोटीनं काय्यावला उतरला.
नावातला एच कागदावर राहिला, पण आपल्या भाषेत तो मुका.
शाळेत मी इगा. लष्करात इगा. बायकोसाठीही इगाच.
तिसाव्या वर्षी इथे कामाला आलो
आणि कारखान्याच्या फाटकावर कुणीतरी हाक मारली, हिगा!
मी मागे वळून पाहिलं.
वाटलं, माझ्यामागे दुसराच कोणी उभा आहे.

नवा कागद, नवा शिक्का. पैसे घेईनात.
एका अक्षराचे कसले पैसे.
दोन, मी म्हटलं. दोन एल.
ते हसले नाहीत. तुझ्या दुपट्याचं टोक मात्र
तेलकट हात न लागेल असं, कोपरानं सारखं केलं.

पुन्हा नागोया.
या खेपेला अंगठा हवा होता.
तू मूठ सोडेनास. झाकली मूठ,
आत काय धरून बसली होतीस देव जाणे,
बहुधा माझ्या स्वेटरची लोकर.
शेवटी ओबदुलियाबाईंनी पाऊल मागितलं.
मी मोजा काढला.
पेरूच्या मातीवर तुझं पहिलं पाऊल
असं पडलं, काळ्या शाईचं, लिफ्टशेजारच्या खोलीत,
आणि घरी येईस्तोवर गाडीभर लोक
तुझ्या पाच काळ्या बोटांकडे बघत होते.

पुस्तिका आली तेव्हा तू अडीच महिन्यांची.
गाल भरलेले, केस झडून नवे येत होते.
दार उघडून मी सही केली, तुझ्या नावापुढे माझी,
आणि आईला फोनवर अक्षरं एकेक करून वाचून दाखवली.
दोन्ही आहेत? दोन्ही आहेत.

फोटोत तू एकटी आहेस, नियमाप्रमाणे.
मागे सगळं पांढरं.
फक्त तुझ्या डाव्या कानाखाली चादर जराशी फुगलेली दिसते.
कुणी विचारलं नाही.
तो माझा तळहात आहे.